ध्वनि-फिल्टरची मर्यादा : रेडिओ-टेलिटाइपच्या ग्रहणाविषयीच्या एका रूढ मताचे परीक्षण

१

हौशी रेडिओचालकांच्या वाङ्मयात रेडिओ-टेलिटाइपच्या ग्रहणासंबंधी एक मत इतके रूढ झाले आहे की, त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. हे मत असे : रिसीव्हरमधून निघणारा ध्वनी डीकोडरकडे जाण्यापूर्वी जितक्या अरुंद फिल्टरमधून नेला जाईल तितका त्यातील गोंगाट कमी होईल, आणि तितकाच पडद्यावर उमटणारा मजकूर शुद्ध होईल. ह्या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र त्यातून निष्पन्न होत नाही. प्रस्तुत लेखात ह्या उत्तरार्धाचे परीक्षण करावयाचे आहे. फिल्टर निरुपयोगी आहे असे दाखविण्याचा येथे हेतू नाही. त्याचे खरे कार्य कोणते व जे त्याच्या माथी मारले जाते ते कोणते, एवढा विवेक करणे हाच हेतू आहे.

प्रश्न केवळ हौसेचा आहे असे समजून तो बाजूला सारणे योग्य होणार नाही. रेडिओ-टेलिटाइपच्या संहितेत दर अक्षरास पाचच घटक असतात आणि चूक ओळखण्याची किंवा सुधारण्याची कोणतीही सोय तिच्यात नाही. एक घटक चुकला तर एक अक्षर चुकते. आणि तो घटक अक्षरांकडून अंकांकडे नेणाऱ्या खुणेतील असेल तर पुढील सारा मजकूर चुकतो. ‘५९९’ हा ग्रहणाचा अहवाल अशा प्रसंगी ‘टी-ओ-ओ’ असा उमटतो, हे ह्या क्षेत्रातील प्रत्येकास ठाऊक आहे. ज्या पद्धतीत चुकीवर मागाहून उपाय नाही, त्या पद्धतीत चूक होण्यापूर्वीची व्यवस्थाच काय ती निर्णायक ठरते. म्हणून फिल्टरविषयीची समजूत बरोबर आहे की नाही, ह्याला येथे विशेष महत्त्व येते.

२

प्रथम संदेशाचे स्वरूप पाहू. हौशी क्षेत्रात रूढ असलेल्या वेगाने दर सेकंदास ४५·४५ घटक पाठविले जातात. म्हणजे एका घटकाचा काल २२ मिलिसेकंद होतो. प्रत्येक अक्षरापूर्वी एक प्रारंभ-घटक आणि शेवटी एक विराम-घटक असतो. ‘मार्क’ व ‘स्पेस’ ह्या दोन अवस्था दोन भिन्न कंप्रतांनी दर्शविल्या जातात. ध्वनीच्या पातळीवर त्या सामान्यतः २,१२५ आणि २,२९५ हर्ट्झ घेतल्या जातात, म्हणजे दोहोंतील अंतर, ज्याला ‘शिफ्ट’ म्हणतात ते, १७० हर्ट्झ असते. १९५० नंतरच्या काळात, अमेरिकेतील हौशी चालकांना १९५३ साली लघुलहरींवर ही पद्धत वापरण्याची मुभा मिळाली तेव्हा, ८५० हर्ट्झची शिफ्ट प्रचारात होती. पुढे ती मागे पडून १७० हर्ट्झची शिफ्ट सार्वत्रिक झाली.

अशा संदेशास किती रुंदीचा पट्टा लागतो, ह्याचा प्रचलित आडाखा असा की, शिफ्टच्या १·२ पटीत घटकवेग मिळवावा. त्यानुसार उत्तर सुमारे २५० हर्ट्झ येते. हौशी रिसीव्हरांत २५० आणि ५०० हर्ट्झ रुंदीचे फिल्टर का आढळतात, ह्याचा उलगडा ह्यातून होतो. परंतु येथेच वादाचा प्रारंभ होतो. २५० जर पुरते तर १०० अधिक चांगले का नव्हे, आणि मार्क व स्पेस ह्यांभोवती पंचवीस-पंचवीस हर्ट्झच्याच दोन फटी ठेवल्या तर त्याहूनही चांगले का नव्हे, असा तर्क पुढे केला जातो.

हा तर्क मोर्सच्या ग्रहणावरून आलेला दिसतो. तेथे वाचणारा कान असतो. अरुंद फिल्टर लावला की गोंगाटाचा भार कमी होतो, कान थकत नाही आणि लक्ष एका स्वरावर स्थिरावते. कानाला जे सुखद, ते यंत्रालाही हितकर असणार असे अनुमान मग सहज केले जाते. परंतु डीकोडरला थकवा येत नाही, आणि सुखद स्वर म्हणजे काय हेही त्याला कळत नाही. दर २२ मिलिसेकंदांनी ‘मार्क की स्पेस’ एवढा एकच निर्णय त्याला करावयाचा असतो. तो निर्णय अधिक वेळा बरोबर ठरतो की नाही, हीच फिल्टरची एकमेव कसोटी होय.

३

अरुंदपणाची किंमत काय पडते ते साध्या उदाहरणाने दाखविता येते. एकाच अनुनादी मंडलाचा फिल्टर घ्या. त्याची अर्धशक्ती-रुंदी ५० हर्ट्झ असेल तर त्याचा कालांक सुमारे ६·४ मिलिसेकंद येतो. स्वर सुरू झाल्यापासून २२ मिलिसेकंदांत, म्हणजे एका घटकाच्या काळात, त्याचा प्रतिसाद अंतिम मूल्याच्या ९७ टक्क्यांपर्यंत चढतो आणि स्वर थांबल्यावर तितक्याच काळात जवळजवळ पूर्णपणे ओसरतो. हीच रुंदी २५ हर्ट्झ केली तर घटकाच्या अंती प्रतिसाद ८२ टक्केच भरतो, आणि मागील घटकाचा १८ टक्के अवशेष पुढील घटकात शिरतो. रुंदी १० हर्ट्झ केली तर एक घटक संपतो तेव्हा फिल्टर अर्धाच भरलेला असतो आणि मागील घटकाचा अर्धा अंश अद्याप त्यात घुमत असतो. अशा फिल्टरमधून निघालेला स्वर कानाला बासरीसारखा स्वच्छ वाटेल. पण त्यात मार्क कोठे संपला आणि स्पेस कोठे सुरू झाला, हे सांगणे दुरापास्त होईल. गोंगाट गाळता गाळता संदेशही गाळला गेला, असेच ह्याचे वर्णन करावे लागेल.

ह्यात नवीन काही नाही. तारायंत्राच्या वेगाचा पट्ट्याच्या रुंदीशी असणारा संबंध हॅरी नायक्विस्ट ह्यांनी १९२८ सालीच स्पष्ट केला होता. कंप्रतेच्या बाजूने जे आकुंचित करावे ते कालाच्या बाजूने पसरते, हा नियम कोणत्याही कारागिरीने टळत नाही. मंडले गुंडाळ्यांची असोत वा संगणकातील अंकांची असोत, नियम तोच.

४

मग इष्टतम रुंदी कोणती? ह्या प्रश्नाचे उत्तर १९४३ साली डी. ओ. नॉर्थ ह्यांनी रडारच्या संदर्भात दिले. सर्व कंप्रतांवर सारख्या पसरलेल्या गोंगाटातून ज्ञात आकाराचा स्पंद ओळखावयाचा असेल, तर फिल्टरचा काल-प्रतिसाद त्या स्पंदाच्याच आकाराचा, कालाच्या दृष्टीने उलटा, असला पाहिजे. ह्यालाच ‘जुळता फिल्टर’ म्हणता येईल. आपल्या प्रश्नात स्पंद म्हणजे २२ मिलिसेकंदांचा एकसारखा स्वर. म्हणून जुळता फिल्टर म्हणजे तेवढ्याच काळाची सरासरी घेणारी योजना होय. मार्कसाठी एक व स्पेससाठी एक. प्रत्येकाची गोंगाटाच्या दृष्टीने रुंदी ४५·४५ हर्ट्झ भरते. ही रुंदी कोणाच्या आवडीने ठरलेली नाही. घटकाच्या कालाने ती ठरविली आहे. त्याहून रुंद फिल्टर अधिक गोंगाट आत घेतो, आणि त्याहून अरुंद फिल्टर शेजारचे घटक आत घेतो.

ह्या योजनेचे सामर्थ्य किती, हे आकड्यांनी सांगणे उचित होईल. दोन कंप्रतांपैकी कोणती आहे एवढेच, कलेचा विचार न करता, ठरवावयाचे असेल, तर हजार घटकांत एक चूक होण्यासाठी संदेशशक्तीचे गोंगाटशक्तीशी प्रमाण ४५·४५ हर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ११ डेसिबेल असावे लागते. भाषणासाठी वापरल्या जाणाऱ्या २,५०० हर्ट्झच्या पट्ट्यात मोजले तर हेच प्रमाण उणे साडेसहा डेसिबेलच्या आसपास येते. म्हणजे रिसीव्हरमधून निघणाऱ्या ध्वनीत गोंगाटाची शक्ती संदेशाच्या जवळजवळ साडेचार पट असूनही मजकूर वाचनीय राहू शकतो, आणि त्यासाठी आधी कोणताही अरुंद फिल्टर लावलेला असण्याची आवश्यकता नसते. १७० हर्ट्झ हे अंतर घटकवेगाच्या पूर्ण पटीत नाही, सुमारे ३·७४ पट आहे; त्यामुळे एका स्वराचा किंचित अंश दुसऱ्याच्या जुळत्या फिल्टरमध्ये उतरतो हे खरे. पण हा अंश विस्ताराच्या सोळाव्या भागाइतका, म्हणजे २४ डेसिबेल खाली असल्याने व्यवहारात त्याची बाधा होत नाही.

रूढ मताचे मर्म येथे उघड होते. डीकोडरमध्ये जुळता फिल्टर आधीच असेल, तर त्याच्यापूर्वी लावलेला २५० किंवा ५०० हर्ट्झचा फिल्टर गोंगाटाच्या बाबतीत काहीच साधत नाही. कारण जो गोंगाट त्याने अडविला तो पुढेही अडविला जाणारच होता. उलट हा आधीचा फिल्टर स्वतःच घटकाच्या रुंदीइतका अरुंद असेल तर हानी होते. समजा, एका जुळत्या फिल्टरपुढे तसाच दुसरा फिल्टर ठेवला. दोहोंचा मिळून काल-प्रतिसाद ४४ मिलिसेकंद रुंदीचा त्रिकोण होतो. निर्णयाच्या क्षणी त्या घटकाचा स्वतःचा वाटा तीनचतुर्थांश राहतो, आणि मागील व पुढील घटकांचा प्रत्येकी एकअष्टमांश त्यात मिसळतो. दोन्ही शेजारी विरुद्ध अवस्थेचे असतील तर प्रतिकूल स्थितीत मार्क व स्पेस ह्यांमधील फरक निम्म्यावर येतो. गोंगाट ह्यात थोडा घटतो खरा; तो वजा जाताही चार डेसिबेलांहून अधिक तोटा उरतो. हा तोटा भरून काढण्यासाठी प्रेषकाला आपली शक्ती अडीच पटींहून अधिक वाढवावी लागेल. दोनदा गाळले म्हणजे दुप्पट शुद्ध झाले, ही घरगुती समजूत येथे अगदी उलट ठरते.

काही आधुनिक रिसीव्हरांत मार्क आणि स्पेस ह्यांवर दोन शिखरे असलेला ध्वनि-फिल्टर दिलेला असतो. त्याचे मूल्यमापन ह्याच न्यायाने केले पाहिजे. शिखरे पुरेशी रुंद असतील तर तो निरुपद्रवी आहे. ती घटकवेगाच्या रुंदीपर्यंत निमुळती असतील तर वर सांगितलेले दुहेरी गाळण पदरी पडते. ज्याच्या डीकोडरमध्ये स्वतःची चांगली व्यवस्था नाही त्याला अशा फिल्टरने लाभ होतो, आणि ज्याच्या डीकोडरमध्ये ती आहे त्याला तोटा. एकाच साधनाविषयी हौशी चालकांचे अभिप्राय परस्परविरोधी का असतात, ह्याचे एक कारण येथे सापडते.

५

येथवरच्या विवेचनावरून फिल्टरच नको असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही घाईचा होईल. जुळत्या फिल्टरचे श्रेष्ठत्व एका अटीवर अवलंबून आहे : गोंगाट सर्वत्र सारखा पसरलेला असावा. प्रत्यक्ष पट्ट्यावर, विशेषतः स्पर्धेच्या दिवशी, ही अट पाळली जात नाही. तेथे मुख्य शत्रू शेजारचे बलवान केंद्र हा असतो. आणि जुळत्या फिल्टरचा एक दोष असा की, त्याच्या बाजूच्या उतारावर लहानलहान उंचवटे असतात व ते फार सावकाश कमी होतात. पहिला उंचवटा शिखरापेक्षा अवघा १३ डेसिबेल खाली असतो. ४०० हर्ट्झ दूर गेल्यावरही तो सुमारे ३० डेसिबेलच खाली असतो. शेजारी आपल्या संदेशापेक्षा ४० डेसिबेल बलवान असेल तर एवढ्या अंतरावरूनही त्याचा अंश आपल्या संदेशावर मात करील. अशा वेळी माथा सपाट आणि कडा तीव्र असलेला, २५० हर्ट्झहून थोडा रुंद फिल्टर आधी ठेवणे सर्वथा युक्त आहे. तो शेजाऱ्याला हटवितो आणि घटकाच्या आकाराला धक्का लावीत नाही.

ह्यावरून एक सूत्र मांडता येते : गोंगाटाशी झुंजणे हे घटककालाच्या सरासरीचे काम, शेजाऱ्याला अडविणे हे आधीच्या फिल्टरचे काम. रूढ मताने ही दोन कामे एकच मानली, आणि त्यातूनच अरुंदतेचा अतिरेक उद्भवला.

६

दुसरी बाब स्थानाची आहे, आणि ती रुंदीहूनही अधिक महत्त्वाची आहे. संदेशाच्या मार्गातील सर्व टप्पे रेषीय असतील तर फिल्टर कोठेही असला तरी फलित तेच. परंतु मार्गात एखादा अरेषीय टप्पा आला की, त्याच्या आधीचा फिल्टर आणि नंतरचा फिल्टर ह्यांत मोठा भेद पडतो.

असा पहिला टप्पा म्हणजे रिसीव्हरचे स्वयंचलित लाभ-नियंत्रण. बलवान शेजारी रुंद पट्ट्यात शिरला की नियंत्रण एकूण लाभ खाली आणते, आणि तो थांबला की पुन्हा वर नेते. ह्या चढउतारात आपला दुर्बल संदेशही वरखाली होतो. पुढे ध्वनीच्या टप्प्यावर कितीही तीव्र फिल्टर लावला तरी शेजाऱ्याचा आवाज नाहीसा होईल. त्याने आपल्या संदेशावर उमटविलेला ठसा तसाच राहील. चालकाला वाटते, पट्टा स्वच्छ आहे. तरी मजकूर मात्र तुटक येतो. ह्यावर उपाय ध्वनि-फिल्टरचा नव्हे, तर नियंत्रणापूर्वी मध्यम-कंप्रतेच्या टप्प्यावर बसविलेल्या स्फटिक-फिल्टरचा, किंवा नियंत्रण बंद करून लाभ हाताने कमी ठेवण्याचा होय. ध्वनी अंकांत रूपांतरित करणाऱ्या टप्प्यालाही हाच न्याय लागू पडतो. सोळा अंशांच्या रूपांतरकाची कक्षा तत्त्वतः ९६ डेसिबेल असते. त्या कक्षेत शेजारी मावत असेल तर आधीच्या ध्वनि-फिल्टरवाचून काही अडत नाही. मावत नसेल तर नंतरचा फिल्टर काही वाचवू शकत नाही.

दुसरा टप्पा लिमिटरचा. जुन्या डीमॉड्युलेटरांत दूरध्वनीच्या तारांवर वापरल्या गेलेल्या ८८ मिलिहेन्रीच्या कड्याच्या आकाराच्या गुंडाळ्या मिळवून फिल्टर बांधीत, आणि त्यांपूर्वी संदेशाचा विस्तार कापून एकसारखा करणारा लिमिटर ठेवीत. डब्ल्यू. बी. डॅव्हनपोर्ट ह्यांनी १९५३ साली दाखविले की, दुर्बल संदेश आणि सर्वसाधारण गोंगाट असता लिमिटरमुळे होणारा तोटा फक्त सुमारे एक डेसिबेल असतो. परंतु बलवान एकस्वरी अडथळा असेल तर दुर्बल संदेश त्याच्या तुलनेने आणखी ६ डेसिबेल दाबला जातो. म्हणून लिमिटर असलेल्या रचनेत त्याच्या आधी फिल्टर असणे अपरिहार्य होते. अर्विन हॉफ ह्यांचा १९७१ सालचा ‘एस्-टी-६’ हा डीमॉड्युलेटर पुष्कळांनी बांधला. त्यात लिमिटरपूर्वी पट्टा-फिल्टर ठेवलेला होता तो ह्याच कारणाने. त्या रचनेतील फिल्टर घ्यावयाचा आणि तिच्यातील लिमिटरचा विचार सोडून द्यावयाचा, हे नंतरच्या अनुकरणांतील वैगुण्य होय. लिमिटरच नसलेल्या संगणकीय डीकोडरपुढे तोच फिल्टर ठेवण्यास तेच समर्थन उरत नाही.

तिसरे उदाहरण ह्याच्या उलट दिशेचे आहे. विजेच्या कडकडाटाने होणारी खरखर ही क्षणभराची आणि अति बलवान असते. अशी स्पंदरूप खरखर आधीच अरुंद फिल्टरमध्ये शिरली तर एक मिलिसेकंदाचा आघात वीस-तीस मिलिसेकंदांच्या घुमण्यात बदलतो आणि संपूर्ण घटक गिळून टाकतो. तीच खरखर रुंद पट्ट्यात असताना कापून टाकली, आणि मग अरुंद फिल्टर लावला, तर घटकाचा थोडासाच भाग गमवावा लागतो. अर्थात येथे अरेषीय टप्पा आधी आणि फिल्टर नंतर हाच क्रम योग्य ठरतो. क्रमाचा विचार न करता केवळ रुंदीचा आकडा सांगणारी शिफारस किती अपुरी असते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

७

ज्या अडचणीवर कोणताही फिल्टर उपाय करू शकत नाही, तिचाही उल्लेख केला पाहिजे. आयनांबरातून येणारा संदेश बहुधा एकाहून अधिक मार्गांनी येतो. दोन मार्गांच्या कालांत सुमारे २·९ मिलिसेकंदांचा फरक असला की, १७० हर्ट्झ अंतरावरील दोन स्वरांपैकी एक पूर्ण बलाने येत असताना दुसरा नाहीसा होऊ शकतो. ह्या निवडक क्षीणनात लिमिटर असलेली रचना नाहीशा झालेल्या स्वराच्या जागी गोंगाटच पूर्ण विस्ताराने उभा करते आणि निर्णय नशिबावर सोपविते. लिमिटर नसलेली, दोन्ही स्वर स्वतंत्रपणे मोजणारी आणि निर्णयाचा उंबरठा त्यांच्या बदलत्या बलानुसार हलविणारी रचना एकाच स्वराच्या असण्या-नसण्यावरून मजकूर वाचू शकते. म्हणजे येथे सुधारणा येते ती गाळण्यातून नव्हे, तर निर्णय करण्याच्या पद्धतीतून.

त्याचप्रमाणे शेजाऱ्याच्या प्रेषकातूनच जर त्याचे उपस्वर आपल्या २५० हर्ट्झमध्ये सांडत असतील, तर ग्राहकाकडील फिल्टर त्यांना आपल्या संदेशापासून वेगळे करू शकत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर एकदम उडी घेणारे प्रेषण पट्ट्यात दूरवर पसरते. तेच संक्रमण गोलाई देऊन केले तर पसारा पुष्कळ आटोक्यात येतो. हा फिल्टर प्रेषकाच्या घरी बसवावयाचा असतो आणि त्याचा लाभ शेजाऱ्याला होतो; म्हणूनच कदाचित त्याविषयी इतके कमी लिहिले जाते.

८

शेवटी परीक्षणाच्या पद्धतीविषयी. ह्या विषयावरील लेखनात फिल्टरचे गुण तीन प्रकारे सिद्ध केले जातात : कंप्रता-प्रतिसादाच्या आलेखाने, कानाच्या साक्षीने, आणि एखाद्या स्पर्धेतील अनुभवाने. पहिल्यात काल-प्रतिसाद व समूह-विलंब दिसत नाही. दुसऱ्यात वाचणारा बदललेला असतो. तिसऱ्यात आयनांबराची स्थिती क्षणोक्षणी पालटत असल्याने तुलनेला आधार राहत नाही. ‘एम्-एम्-टी-टी-वाय’सारखा प्रसिद्ध संगणक-कार्यक्रम डीमॉड्युलेटरचे चार प्रकार निवडीसाठी पुढे ठेवतो, निवड कोणत्या कसोटीवर करावी हे ज्याने ठरविलेले नाही, त्याच्या हाती ही समृद्धी केवळ संभ्रम वाढविते.

कसोटी अवघड नाही. ज्ञात मजकूर, ज्ञात प्रमाणातील गोंगाट, आणि क्षीणनासाठी सी. सी. वॉटरसन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७० साली प्रयोगाने पडताळलेले मार्गाचे प्रतिमान; ह्यांच्या साहाय्याने फिल्टरसह व फिल्टरविना चुकलेली अक्षरे मोजावीत. हे सारे आज एका साध्या संगणकावर, एकही लहर प्रक्षेपित न करता, पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका सत्रात करता येईल. असे करताना शेजारी नाही, शेजारी आहे, आणि लाभ-नियंत्रण चालू आहे, ह्या तीन अवस्था वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अन्यथा एका अवस्थेतील लाभ दुसऱ्या अवस्थेच्या खात्यावर जमा होईल.

फिल्टर काही देत नाही; तो फक्त काढून घेतो. जे काढले ते निरुपयोगीच होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी फिल्टर सुचविणाऱ्यावर आहे, आणि ती चुकलेल्या अक्षरांच्या मोजणीनेच पार पडू शकते. ह्या मोजणीवाचून केलेली प्रत्येक शिफारस, मग ती कितीही अनुभवी लेखणीतून उतरलेली असो, मतच राहते. ज्ञानाच्या पदवीस ती पोचत नाही.